वेंगुर्ल्याच्या बरणीचा घट

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकालाही पटलेलं नाही, आणि त्यांत दोघे तर वकील होते. न पटणाऱ्या गोष्टी गंभीर चेहऱ्याने ऐकणं हाच ज्यांचा धंदा, तेही उठून गेले. तेव्हा जावईबापू, तुम्ही या घरात नवीन आहात, तुम्ही नुसतं ऐकायचं. वर्तक, तुम्ही शेंगा सोला आणि मधे बोलू नका. आमची ही आत चकलीचं पीठ मळतेय, तोवर सांगून होईल.

तर वेंगुर्ल्याला तात्या नाबरांच्या माडीवरच्या खिडकीत मी उभा आहे. वय सव्वीस, गळ्यात टाय, हातात लाकडी खोकं. खोक्यात चिनी मातीची दोनशे वर्षांची निळी बरणी. खाली अंगणात आमच्या विमा कंपनीचे तपासनीस भेंडेसाहेब मान वर करून उभे, आणि त्यांच्या शेजारी तात्या, डोळे गच्च मिटून.

"टाका," भेंडेसाहेब म्हणाले.

"टाकू नको रे मेल्या!" तात्या ओरडले. "माझ्या पणज्यान मकावसून हाडलेली बरणी ती!"

मी टाकलं.

आता ही पाळी का आली ते ऐका. तात्यांच्या पणज्याची गलबतं होती. त्याने चीनकडून सात बरण्या आणल्या, आणि तेव्हापासून नाबरांच्या घरात मुलांना आधी बरण्यांपासून लांब कसं चालायचं ते शिकवत, मग नुसतं चालायला. पुण्याच्या एका संग्रहालयाने त्या दसऱ्याला भरणाऱ्या प्रदर्शनासाठी मागितल्या. तात्या म्हणाले, विमा उतरवा, मग देतो. कंपनी म्हणाली, बांधणी पक्की दाखवा, मग उतरवतो. आणि भेंडेसाहेबांना बांधणी दाखवणं म्हणजे सोनाराला पितळ विकणं. त्यांचा कान असा तयार होता की भिंतीपलीकडल्या माणसाचा कुठला दात हलतोय ते सांगत. आम्ही पेंढ्यात बांधून पाहिलं, त्यांनी खोकं कानाशी धरलं आणि म्हणाले, "खुळखुळतंय." भाताच्या तुसात बांधलं, "खुळखुळतंय." गोधड्यांत गुंडाळलं. "कमी खुळखुळतंय."

मग मी एक युक्ती काढली. खोक्यात खाडीचा मऊ गाळ भरला, त्यात बरणी बसवली, तिच्या पोटातही गाळ भरला, आणि सगळ्यात नाचणी नि कुळीथ पेरले. वर झाकण. आत अंधार, ओल आणि ऊब. बी रुजलं, मुळं सुटली, आणि त्या मुळांनी बरणीला असं कवटाळलं की आई पोराला कवटाळणार नाही. गाळाचा एक कणसुद्धा हलेना. ते खोकं राहिलंच नाही, ते विणलेलं काहीतरी झालं.

तेच मी खिडकीतून टाकलं. ते अंगणात आपटलं, उसळलं आणि पुन्हा खिडकीपर्यंत वर आलं. मी हात पुढे केला आणि झेललं.

वर्तकांच्या तोंडावर काहीतरी दिसतंय. बरं. खिडकीपर्यंत नाही, खालच्या जास्वंदीपर्यंत आलं. पण आलं.

भेंडेसाहेबांनी खोकं कानाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "आत काहीतरी वाढतंय एवढंच ऐकू येतं." आणि विमा मंजूर झाला.

तात्यांना सात बरण्या होत्या आणि एक मुलगी. मुलीचं नाव इंदू. बरण्या मोजण्याच्या निमित्ताने मी त्या घरी इतक्या वेळा गेलो होतो की तात्यांनाही संशय आला, सात मोजायला माणसाला एवढा वेळ का लागतो. शेवटी मी धीर करून विचारलंच. तात्या ओसरीवर पानाला चुना लावत होते. त्यांनी पान खाल्लं, अर्धं चावलं, मग बोलले.

"बरण्यो धड पोचल्यो तर माका येऊन विचार. एकीकय केसभर तडो गेलो, तर ह्या दारार दिसू नको. ज्याका बरणी सांभाळूक जमणा नाय, त्याका चेडू कशाक देव?"

तेव्हा जावईबापू, तुम्हाला या घरची मुलगी चहा-पोह्यांवर मिळाली. मला घाट उतरून नव्हे, चढून मिळवायची होती.

विम्याच्या अटी दोन. एक, बरण्या अष्टमीपर्यंत संग्रहालयाच्या ताब्यात गेल्या पाहिजेत, त्यानंतर विमा संपला. दुसरी, दैवी कारणाने नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही. मी तात्यांना समजावलं, दैवी म्हणजे वीज, वादळ, पूर. देव काही ट्रक अडवायला येत नाही. हे मी हसत हसत सांगितलं होतं, ते लक्षात ठेवा.

चौथ्या माळेला आम्ही निघालो. ट्रक निपाणीच्या दस्तगीर मुल्लाचा. बरोबर इंदू, कारण त्या रोपांना रोज पाणी घालायचं होतं आणि किती घालायचं ते तिला ठाऊक होतं; जास्त झालं तर मुळं कुजणार, कमी झालं तर सुकून सैल पडणार. आणि इंदूबरोबर तिची बायोआत्या, कारण मी होतो. बायोआत्या ट्रकात बसल्याक्षणी झोपली आणि पुण्याला पोचल्यावर उठून विचारलं, "ट्रक सुटलो काय?" तेवढी एक बाब सोडली तर राखण कडक होती.

निघताना तात्यांनी सातही खोक्यांवरून हात फिरवला. सगळ्यात मोठ्या बरणीच्या खोक्याला कान लावला, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बघ हां." इंदूला काहीच म्हणाले नाहीत. ती परत येणार होती.

आंबोलीच्या घाटातून ट्रक दस्तगीरने असा चढवला की वळणं संपल्यावर मीच घाबरलो. आणि वर, सपाट रस्त्यावर, वाघजाईवाडी नावाच्या गावापाशी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कडाड्कन मोडला.

"लोखंड हाय साहेब, मोडायचंच," दस्तगीर म्हणाला. "गडहिंग्लजातनं नवा आणतो. तवर खोकी सावलीत ठेवा."

गावच्या पाटलांनी मोठ्या मनाने सोपा मोकळा करून दिला. त्यांची आई गौराक्का म्हणजे हातभर हिरवा चुडा, कपाळभर कुंकू आणि गावातलं कुठलंही भांडण दुरूनच मिटेल असा आवाज. आम्ही खोकी ओळीने मांडली. पाण्याची वेळ झाली होती, इंदूने मोठीच्या खोक्याचं झाकण उघडलं.

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. नवरात्र चालू आहे. चौकोनात काळी माती. मातीत पोटापर्यंत बसलेला गोल निळा घट. आणि त्याच्या चहूबाजूंनी, अंधारात वाढल्यामुळे, वीतभर उंचीचे पिवळेधमक कोंब.

"अगं बया!" गौराक्का म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

मला त्या रात्री कळलं ते असं. त्या वर्षी वाघजाईच्या देवळातला घट उगवलाच नव्हता. पाऊस लांबला, माती चिकट झाली आणि बी कुजलं. चौथी माळ आली तरी एक कोंब नाही. गावाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बायका एकमेकींना विचारत होत्या, कुणाचं काय चुकलं. आणि नेमकी तेव्हा, कुणी बोलावलेली नसताना, पाटलांच्या दारात एक गाडी मोडते आणि तिच्यातून सोन्यासारखा उगवलेला घट उतरतो.

तासाभरात सोपा बायकांनी भरला. हळद आली, कुंकू आलं, समई आली, आढ्याला माळ टांगली. एका म्हातारीने विड्याची पानं बरणीच्या तोंडात खोवली आणि वर नारळ ठेवला. अंड्याच्या कवचासारखी कड त्या बरणीची, आणि वर शेंडीसकट नारळ!

"अहो आजी, ती बरणी आहे," मी म्हणालो.

"व्हय रं बाळा," ती म्हणाली. "देवी कशातबी बसती."

"ती पुण्याला न्यायची आहे."

गौराक्का शांतपणे म्हणाल्या, "बसलेला घट हलवत न्हाईत, पावणं. दसऱ्याला उठंल, मग न्या. तवर तुमी आमचं. खावा, प्या, झोपा."

भांडले असते तर मी भांडलो असतो. पण त्यांनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली, झोपलेल्या बायोआत्याला वाकळ अंथरून दिली, मला दूध दिलं. पाटील म्हणाले, माझा धाकटा भाऊच आला असं समजतो. अशा कैदेतून माणूस सुटणार कसा?

दुसऱ्या दिवशी पाटा आला. मी दस्तगीरला बाजूला घेतलं. "दुपारी गाव शेतात जाईल. उचलू आणि निघू."

"साहेब," तो म्हणाला, "मी ह्या गावचा न्हाई आणि ह्या देवीचाबी न्हाई. पर बसलेला घट उचलायला मला सांगू नका. ह्याच रस्त्यानं मला रोज जायचंय."

मी मनाशी हिशेब केला. दसऱ्यापर्यंत थांबलो तर विमा संपणार, प्रदर्शन हुकणार, आणि वर रोज एक नवी बाई त्या कडेवर नवा नारळ ठेवणार. कंपनीला काय कळवू? देवी येऊन बसली म्हणून? ती तर आमच्याच अटीत बसत होती. आणि तात्यांच्या ओसरीवर जाऊन काय सांगू? इंदू एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून मुसमुसत होती. बाईमाणूस, घाबरली बिचारी. मी तिला म्हणालो, "भिऊ नकोस, मी आहे."

आणि मग माझ्या अंगात देवी आली.

शेंगा खाली ठेवल्यात ना, वर्तक? मी म्हटलं होतं.

संध्याकाळची आरती चालू होती. झांजा टिपेला गेल्या, ऊद घुमला आणि मी उभ्या जागी डोलायला लागलो. आधी टाय हलला, मग मी. घशातून असा हुंकार काढला की परड्यातल्या म्हशीने उलट उत्तर दिलं. बायका मागे सरकल्या. कुणीतरी ओरडलं, "आली! आली!" आणि गौराक्का पुढे झाल्या. त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला नि खणखणीत विचारलं,

"कोण तू? कुठली?"

"दर्यापारची!" मी म्हणालो. खोटं नव्हतं, बरणी मकावचीच होती.

"आमच्या दारात का आलीस?"

"तुमचो घट उगवलो नाय म्हणान इलंय! माका तुमचो घोर दिसलो!"

सोप्यातल्या अर्ध्या बायका रडायला लागल्या. खरंखुरं रडत होत्या हो. त्या क्षणी मला कळलं की आता नुसतं निसटून चालणार नाही, या बायकांना काहीतरी देऊन जायला हवं. या गावाने दुसरं काय मागितलं होतं? एक उगवलेला कोंब.

"मग ऱ्हा की आई," गौराक्का म्हणाल्या. "का निगालीस?"

"माका पुण्याक जावचा हा! थंय लोक माझी वाट बघतत! माझी एक बाजू काढून घेवा. मुळांसकट, मातयेसकट. ती तुमच्या देवळात बसवा. मी थंयय वाढतलंय, हंयय वाढतलंय! पण माका वाटेर धाडा, लेकीक धाडतत तशी!"

गौराक्कांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. फार वेळ पाहिलं. भेंडेसाहेबांच्या कानासारखे त्यांचे डोळे होते, आतलं हलणारं दिसायचं. मग त्या अगदी माझ्या तोंडाशी वाकल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"एवढी घाईत असलेली देवी मी जन्मात बगितली न्हाई. पोचलीस की एक कार्ड टाक."

आणि मागे वळून गावाला म्हणाल्या, "ऐकलंसा न्हवं? जाऊ द्या तिला!"

पुढे सगळं गाव एका लग्नघरासारखं कामाला लागलं. पाटलांनी स्वतः विळ्याने खोक्यातल्या मातीचा एक कोपरा कापला. चटईसारखी विणलेली ती माती, वर पिवळे कोंब, अशी अलगद निघाली, आणि वाजतगाजत देवळात गेली. कापलेल्या जागी खोक्यात खळगा पडला. मी म्हटलं संपलं, आता बरणी हलणार. तर बायका ओटी भरायला पुढे झाल्या. एकीने खण दुमडून खळग्यात घातला, दुसरीने तांदूळ ओतले, तिसरीने सुकं खोबरं, चौथीने पुन्हा खण. ज्या हातांनी आयुष्यभर लेकींची गाठोडी बांधली, त्या हातांनी तो खळगा असा ठासून भरला की मी खोकं हलवून पाहिलं तर मीच हललो, आतलं काही हललं नाही. भेंडेसाहेब असते तर नोकरी सोडून त्या बायकांकडे शिकायला राहिले असते.

ट्रक निघाला तेव्हा गाव वेशीपर्यंत आलं होतं. बायका डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. दस्तगीरने हॉर्न वाजवला नाही. म्हणाला, "अशा टायमाला बरं दिसत न्हाई."

पुण्यात आम्ही सप्तमीलाच पोचलो. संग्रहालयाचे क्युरेटर चष्मा कपाळावर सरकवून खोकी उघडत होते. सहा खोक्यांतून बरण्या जशा घातल्या तशा निघाल्या. मोठीचं खोकं उघडलं तर आत हळद, कुंकू, विड्याची पानं, खण आणि खोबरं. ते म्हणाले, "हे कुठल्या राजवटीतलं?" मी म्हटलं, "चालू." मग गाळ धुतला, बरणी पालथी केली, उजेडात धरली, बोटाने टिचकी मारली. असा स्वच्छ नाद निघाला की मी तिथेच फरशीवर बसलो. माझ्या शेजारी इंदू बसली. आम्ही दोघं नुसते हसत राहिलो, आणि क्युरेटरांना वाटलं, प्रवासाचा शीण आहे.

दसऱ्याला तात्या एस.टी.ने आले. प्रत्येक बरणीभोवती एक फेरा घातला. मोठीची कड बोटाने चाचपली, पूर्ण गोल. मग माझ्याकडे वळले. मी शर्टाची बटणं नीट केली.

"कुंकू खंयचा ह्या?" त्यांनी विचारलं. कडेखाली एक लाल ठिपका राहिला होता.

"देवीचं," मी म्हणालो.

"पुसू नको," तात्या म्हणाले. आणि थोड्या वेळाने, बरणीकडेच बघत, "कार्तिकात मुहूर्त बघूया."

इतका हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो आणि नंतरही नाही. पंख्याच्या वाऱ्याने उडून गेलो असतो, म्हणून तात्यांचाच हात धरला.

आणि आता शेवटचं. वाघजाईवाडीला कार्ड गेलं होतं, पोचल्याचं आणि लग्नाचंही. लग्नाच्या दिवशी वेंगुर्ल्यात मांडवाबाहेर दस्तगीरचा ट्रक येऊन थांबला, पाठीमागे भरून वाघजाईवाडीच्या बायका. देवळात कोंब इतके आले होते म्हणे, की दसऱ्याला सबंध गावाच्या टोप्यांत आणि अंबाड्यांत पुरून उरले. गौराक्का सगळ्यात पुढे. मांडवातली गर्दी बाजूला सारत त्या थेट बोहल्यापाशी आल्या, "कुठं हाय माझी घाईतली देवी?" म्हणाल्या, आणि सगळ्या वऱ्हाडादेखत त्यांनी खण-नारळाने माझी ओटी—

"बाबा," जावईबापू म्हणाले, "तुमची ओटी?"

मी शेंगांकडे हात नेला. ताट रिकामं होतं. वर्तक छताकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

आतला पाट सरकल्याचा आवाज आला आणि ही दारात येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत हात पिठाचे.

"खोटं!" इंदू म्हणाली. "साफ खोटं! अंगात माझ्या आली होती. हे तेव्हा ट्रकखाली शिरून दस्तगीरला विचारत होते, अजून किती नट राहिलेत. आणि देवी तरी आपणहून कुठली आलेय, जावईबापू? तीसुद्धा मीच आणली होती!"